कंपनी कुठली ते नंतर, गेम कुठवर आलाय ते आधी विचारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही चार वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिताय, शाळेत असल्यापासून गेम खेळताय, आणि आता एका मोठ्या गेम कंपनीने प्रोग्रामर म्हणून बोलावलंय. पगार आत्तापेक्षा थोडा कमी आहे. कंपनीच्या व्हिडिओंत सगळे खुशीत दिसतात, आणि तिथून बाहेर पडलेले लोक लिहितात की माणसाला घाण्याला जुंपतात. यातलं खरं काय, जावं की नाही, आणि गेलो तर गेम खेळण्यातली गोडी जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पंधरा वर्षं गेमप्ले प्रोग्रामिंग करतेय, म्हणजे खेळाडूला गेममध्ये जे करता येतं त्याचा कोड लिहितेय. दोन मोठ्या कंपन्या झाल्या, आणि मधली तीन वर्षं बारा जणांच्या एका छोट्या स्टुडिओत होते. तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत, त्याही एकाच इमारतीत आणि एकाच मजल्यावर. खिडकीकडची टीम साडेपाचला उठून घरी जायची. जिन्याकडच्या टीमसाठी रात्रीचं जेवण मागवलं जायचं. कंपनी एकच, नियम एकच, पगाराची पत्रकंही तीच. फरक इतकाच की खिडकीकडच्यांचा गेम बाजारात यायला तीन वर्षं होती आणि जिन्याकडच्यांना चार महिने.

म्हणून "ही कंपनी चांगली की वाईट" या प्रश्नाने तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. तुम्हाला ज्या गेमवर घेताहेत तो आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुमचा लीड (टीमचा प्रमुख) कोण असेल, या दोन गोष्टींवर तुमची पहिली दोन वर्षं कशी जातील ते बरंचसं ठरतं.

टप्पे साधारण असे असतात. सुरुवातीला थोडी माणसं कल्पना तपासून पाहतात. बऱ्याच कल्पना इथेच टाकून दिल्या जातात. मग व्हर्टिकल स्लाइस, म्हणजे पूर्ण झालेल्या गेमसारखा दिसणारा आणि खेळता येणारा दहा-वीस मिनिटांचा एक तुकडा, जो दाखवून पुढचे पैसे मंजूर होतात. मग प्रोडक्शन. इथे टीम एकदम फुगते, नवी माणसं दर आठवड्याला येतात. अल्फापर्यंत सगळी फीचर्स गेममध्ये असावीत असं ठरलेलं असतं, बीटापर्यंत सगळा आशय (लेव्हल, चित्रं, आवाज), आणि त्यानंतर फक्त बग, म्हणजे चुका, दुरुस्त करायचे. शब्दांचे अर्थ कंपनीगणिक थोडे बदलतात, म्हणून "तुमच्याकडे अल्फा म्हणजे नेमकं काय" हे मी मुलाखतीत नेहमी विचारते. समोरच्याचं उत्तर गुळमुळीत असेल तर ते वेळापत्रकही गुळमुळीत असणार, असा माझा अनुभव आहे.

आता आकाराबद्दल. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या एका प्रकरणात २०२३ मध्ये सोनीचे काही कागद नीट न झाकता सादर झाले. त्यातून कळलं की 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'वर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले आणि ऐन भरात सुमारे २०० माणसं पूर्णवेळ काम करत होती. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'वर सुमारे २१ कोटी डॉलर, पाच वर्षं आणि ३०० माणसं. या आकड्यांत स्वतःला ठेवून बघा. तुम्ही "गेम" बनवणार नाही. तुम्ही त्यातली एक गोष्ट बनवाल.

माझी पहिली गोष्ट होती शिडी. कामावर रुजू झाले तेव्हा लीडने सांगितलं, "पात्राला शिडी चढता आली पाहिजे." मला वाटलं, दोन आठवडे. पाच महिने लागले. शिडीला लागताना आधी कुठला पाय उचलायचा? गेममधल्या जागा आखणाऱ्या लेव्हल डिझायनरांनी वेगवेगळ्या उंचीच्या शिड्या टाकल्या होत्या आणि अ‍ॅनिमेशन ठरावीक अंतराच्या पायऱ्यांसाठी होतं, त्यामुळे हात हवेत पडायचा. शेवटी दोन पायऱ्यांमधलं अंतर गेमभर ३० सेंटिमीटरच ठेवायचं आणि शिडीची उंची त्याच पटीत ठेवायची असं सगळ्यांना कबूल करून घ्यावं लागलं. अ‍ॅनिमेटरला वरच्या टोकाला पोचल्यावर अंग वळवण्यासाठी अर्धा सेकंद हवा होता, कारण त्याशिवाय शरीराला वजन वाटत नाही. लढाई बघणारा डिझायनर म्हणाला, त्या अर्ध्या सेकंदात खेळाडूला गोळी लागते. दोघंही बरोबर होते. मी दोन्ही तऱ्हा करून दिल्या आणि तीन दिवस लोकांना खेळायला लावलं. मग कॅमेरा भिंतीत घुसायचा. शत्रूंनी शिडी चढायची का? दोन खेळाडू एकाच शिडीवर समोरासमोर आले तर मागे कोण हटणार? लाकडी शिडीचा आवाज वेगळा, लोखंडी शिडीचा वेगळा. या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळ्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागलं.

आणि मग गेम खेळून चुका शोधणाऱ्या एका टेस्टरचा बग आला. शिडीवर असताना ऑटोसेव्ह झाला आणि लगेच पात्र मेलं, तर पुन्हा सुरू केल्यावर पात्र भिंतीत अडकतं. १०० पैकी ३ वेळा. ते "१०० पैकी ३" वाचून मी थबकले, कारण तिने खरोखर शंभर वेळा ते करून पाहिलं होतं. कारण असं निघालं की सेव्ह करताना आम्ही पात्राची जागा लिहून ठेवत होतो, पण ते शिडीवर आहे ही अवस्था लिहीत नव्हतो. उघडल्यावर इंजिन (गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर) त्याला जमिनीवर उभा असलेला माणूस समजायचं, शिडीशी टक्कर झाली असं धरून बाजूला ढकलायचं, आणि बाजूला भिंत असली की तो आत. मी शिडीचा क्रमांक आणि पायरीचा क्रमांक सेव्हमध्ये घातला आणि प्रश्न सुटला. दुरुस्ती चाळीस मिनिटांची. तो बग सापडला नसता तर कित्येक लोकांचा तासन्‌तासांचा खेळ वाया गेला असता.

टेस्टरांबद्दल इथेच बोलून घेते. गेमची खडान्‌खडा माहिती असलेले हे लोक बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतात, सगळ्यात कमी पगारावर असतात, आणि गेम बाजारात आला की सगळ्यात आधी त्यांनाच नारळ मिळतो. हे मला आजही खटकतं. रेवन सॉफ्टवेअर या अमेरिकी गेम स्टुडिओच्या टेस्टरांनी २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली ती अशाच परिस्थितीतून. तुम्ही गेलात तर पहिल्या आठवड्यात टेस्टरांशी ओळख करून घ्या.

तर मोठ्या कंपनीतलं काम खोल असतं, रुंद नसतं. छोट्या स्टुडिओत मी मेनू लिहिला, आवाज जोडले, सेव्ह लिहिलं, वेळ पडली तेव्हा भाषांतराच्या फाइलीही सांभाळल्या. त्यातलं काहीच फार उत्तम झालं नाही, पण सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मोठ्या कंपनीत एका शिडीवर पाच महिने घालवायला मिळतात आणि शेजारी वीस वर्षं फक्त अ‍ॅनिमेशनच करणारा माणूस बसलेला असतो. मला दुसरं जास्त मानवतं. तुम्हाला काय मानवेल हे मी सांगू शकत नाही. तुमच्या आत्ताच्या कामात तुम्हाला एकाच मॉड्यूलमध्ये बुडून जायला आवडतं की सगळीकडे हात घालायला, यावरून थोडा अंदाज येईल.

बँकेच्या कामातून येताना काही गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागेल. तिथे उत्तर अचूक हवं, दोनशे मिलिसेकंद उशीर झाला तरी कुणी बघत नाही. इथे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची एकामागून एक चित्रं) म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, आणि चित्र, भौतिकी, आवाज, शत्रूंचा विचार, तुमची शिडी हे सगळं तेवढ्यात बसवायचं. प्रत्येकाला वाटा ठरवून दिलेला असतो. तुमचा वाटा वाढला तर दुसऱ्याचा कमी होतो, त्यामुळे कोड लिहिणं आणि लोकांशी बोलणं ही दोन वेगळी कामं राहत नाहीत. दुसरं, कोड टाकून द्यावा लागतो. बरोबर चालत असूनही टाकून द्यावा लागतो, कारण खेळताना मजा येत नाही. पहिल्यांदा हे जिव्हारी लागतं.

तिसरं म्हणजे इंजिन. कित्येक मोठ्या कंपन्यांचं इंजिन घरचं असतं: ईएचं (इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं) फ्रॉस्टबाइट, गुरिलाचं डेसिमा, कॅपकॉमचं आरई इंजिन. त्याचं ज्ञान पुस्तकात नसतं, दोन टेबलं पलीकडे बसलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. पाच वर्षांनी तुम्ही त्या इंजिनात पारंगत होता आणि बाहेर ते कुणाला ठाऊकच नसतं. म्हणून सी प्लस प्लस आणि गणित घासूनपुसून ठेवा, ते सगळीकडे चालतं.

दिवसाचं म्हणाल तर सकाळी ताजा बिल्ड, म्हणजे गेमची त्या दिवशीची आवृत्ती, उतरवायचा, तो बहुतेक वेळा शेकडो जीबींचा. शेडर (उजेड-रंग दाखवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत थांबायचं. उभ्याउभ्या दहा-पंधरा मिनिटांची बैठक. रात्री कुणीतरी बिल्ड मोडलेला असेल तर तो सावरेपर्यंत निम्मी टीम अडकलेली. सलग कोड लिहायला माझ्या वाट्याला दिवसाचे तीन-चार तास येतात. तुम्ही आठ तासांची अपेक्षा ठेवून जाल तर त्रास होईल.

शेवटच्या टप्प्यात आणखी एक पाहुणा येतो, सर्टिफिकेशन. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांच्या नियमांच्या आपापल्या याद्या असतात (निन्टेन्डोच्या तपासणीला लॉटचेक म्हणतात), आणि त्या पार केल्याशिवाय गेम त्यांच्या कन्सोलवर विकता येत नाही. आमचा एक गेम परत आला तो एवढ्याशा कारणाने: लोडिंग चालू असतानाच कंट्रोलरची बॅटरी संपली तर "कंट्रोलर जोडा" हा निरोप येत नव्हता. एका निरोपासाठी पुन्हा सगळी प्रक्रिया. गेमवाले तारखेला इतके का घाबरतात, ते मला त्या दिवशी कळलं.

आता तुमच्या मनातला मुख्य प्रश्न, क्रंच, म्हणजे तारीख गाठायला आठवडेच्या आठवडे चालणारं जादा काम. पिळून काढतात हे खरं का? खरं, आणि त्याला जुना इतिहास आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये 'ईए स्पाऊस' या टोपणनावाने एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने ईएमधल्या कामाच्या तासांबद्दल जाहीरपणे लिहिलं. लिहिणाऱ्या एरिन हॉफमन होत्या हे नंतर समोर आलं. जादा कामाच्या मोबदल्याच्या खटल्यांत कंपनीने पुढे गेममधली चित्रं करणाऱ्या कलाकारांना १ कोटी ५६ लाख आणि प्रोग्रामरना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली. एवढं होऊनही २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७'च्या वेळी, क्रंच सक्तीचा करणार नाही असं आधी सांगून शेवटी सहा दिवसांचा आठवडा लावला गेला. गेम १० डिसेंबरला आला तो बगांसकट, आणि आठ-दहा दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परत आला २०२१ च्या जूनमध्ये.

मी स्वतः अकरा आठवडे सहा दिवस, रोज दहा-बारा तास केले आहेत. कंपनीचं नाव सांगत नाही. रात्री अकराला मी तीन बग बुजवायचे आणि सकाळी टेस्टर त्यातून निघालेले दोन नवे दाखवायची. सातव्या आठवड्यानंतर मी जे लिहिलं त्यातलं बरंचसं पुढच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) मलाच पुन्हा लिहावं लागलं. आणि उशिरापर्यंत बस असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. लीड बसला होता, म्हणून मी बसले. माझ्या शेजारचा मी बसले म्हणून बसला. आम्हाला तो गेम मनापासून आवडत होता. जीव ओतून काम करणाऱ्यांना हुकूम द्यावा लागत नाही, म्हणूनच या धंद्यात ही गोष्ट इतकी मुरली आहे.

क्रंच आळशीपणातून येत नाही, उशिरा घेतलेल्या निर्णयांतून येतो. तारीख जाहिरातीमुळे आणि आर्थिक वर्षामुळे आधीच ठरलेली असते. काय वगळायचं ते मात्र कुणी ठरवत नाही. दुसऱ्या कंपनीत माझ्या लीडने अल्फाच्या आधीच पोहणं पूर्ण काढून टाकलं. एका अ‍ॅनिमेटरला नऊ महिन्यांच्या कामावर पाणी सोडावं लागलं. ती बैठकीतून उठून बाहेर गेली आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही. पण त्या गेमच्या शेवटी आम्ही फक्त दोन शनिवार आलो. लीड कोण असेल हे विचारा असं मी वर म्हटलं, ते यासाठी.

नोकरी टिकण्याबद्दलही स्पष्ट सांगते. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातल्या १,९०० लोकांना काढलं. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला गेला; त्याच वर्षी तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. माझाही एक गेम तीन वर्षांनी रद्द झाला. पंधरा मिनिटांची बैठक, दोन प्रश्न, संपलं. गुप्ततेच्या करारामुळे त्या तीन वर्षांतला एक स्क्रीनशॉटसुद्धा मला कुणाला दाखवता येत नाही. त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच या क्षेत्रात पाऊल टाका. तुमच्या एकट्याच्या पगारावर घर चालत असेल, किंवा कर्जाचा हप्ता मोठा असेल, तर कमी पगाराचा हा बदल आत्ता करू नका असंच मी म्हणेन.

श्रेयाचंही विचारून घ्या, पुष्कळ जण विसरतात. अटारी ही जुनी गेम कंपनी आपल्या प्रोग्रामरची नावं छापत नसे, म्हणून तिथले प्रोग्रामर वॉरन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लपवलं. चार प्रोग्रामरनी तर याच रागातून १९७९ मध्ये बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन काढली. आज नावं येतात, पण गेम बाहेर येण्याआधी नोकरी सोडलेल्यांचं काय, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. मी एका गेमवर दोन वर्षं काम करून चार महिने आधी निघाले आणि माझं नाव 'विशेष आभार'मध्ये गेलं. शिडी मात्र माझीच होती.

मुलाखतीत ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ विचारा: तुमचा मागचा गेम बाहेर यायच्या आधीच्या तीन महिन्यांत या टीमने आठवड्याला किती तास काम केलं? त्यातले किती जण आज इथेच आहेत? या गेमची तारीख किती वेळा हलली? आतापर्यंत काय काय वगळलं? आणि लीडशी अर्धा तास बोलू द्या. पहिल्या प्रश्नाला आकडा मिळाला, मग तो मोठा का असेना, तर ती माणसं खरं बोलतात असं समजा. "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत" एवढंच उत्तर मिळालं तर मी नाही जाणार.

गेम प्रोडक्शनच्या सुरुवातीला असेल आणि लीड बरा वाटला तर माझ्या मते जावं. बाजारात यायला सहा महिन्यांहून कमी असतील तर रुजू व्हायची तारीख पुढे मिळते का बघा; नवख्या माणसाला त्या हातघाईत शिकवायला कुणालाच वेळ नसतो. तीन-चार महिने पुढे सरकवून मागितलं म्हणून ऑफर गेली, असं माझ्या ओळखीत तरी झालेलं नाही.

हे सगळं असूनही मी पंधरा वर्षं का टिकले, तेही सांगते. बाहेरच्या लोकांना बोलावून गेम खेळायला देतात आणि आम्ही काचेपलीकडून बघतो. शिडीवर खेळाडू मध्येच थांबला तर कॅमेरा हळूच मागे सरकून खालचं खोरं दाखवेल, असं आम्ही चौघांनी मिळून केलं होतं. कुणी थांबेल याची खात्री नव्हती, त्यामुळे ते दोनदा वगळलं जाता जाता राहिलं होतं. एक चाळिशीतला माणूस खेळत होता. मागे शत्रू लागलेले, घाईत वर चढत होता, आणि निम्म्यावर थांबला. कॅमेरा मागे गेला. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. काचेपलीकडे अ‍ॅनिमेटरने माझा हात घट्ट धरला होता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पहिलं वर्ष-दीड वर्ष गोडी गेली होती, हे खरं. कुठलाही गेम लावला की मला सांधे दिसायचे, लोडिंग कुठे लपवलंय ते कळायचं, गोष्ट कानावर पडायचीच नाही. मग हळूहळू ती परत आली, थोडी वेगळी होऊन. आता कुणाच्याही गेममध्ये शिडी दिसली की मी दोनदा वर-खाली करते, निम्म्यावर थांबून बघते, आणि मग पुढे जाते.